म्हाताऱ्या डासांचा आजार

जून हा हिवताप प्रतिरोध महिना. उपकेंद्राच्या भिंतीवर पोस्टर लागतं, लावणीच्या गडबडीत ते कोणी वाचत नाही, आणि आरोग्यसेवक दारात आला की कोकणातलं ठरलेलं उत्तर मिळतं: "अहो, आमच्याकडे चार महिने पाणीच पाणी. शेतात, वहाळात, विहिरीत. डास मारणार तरी किती?" मुद्दा बिनतोड वाटतो, पण हिवताप थांबवायला सगळे डास मारावे लागतच नाहीत. ते म्हातारे झाले नाहीत म्हणजे झालं.

गावागावांत जाऊन, मुलांचे ताप आणि मृत्यू मोजून हे दाखवणाऱ्यांत ब्रायन ग्रीनवुड यांचं नाव फार वरचं. हे इंग्रज डॉक्टर 1965 मध्ये नायजेरियात गेले. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते, असे संधिवातासारखे आजार तिथे फार कमी दिसतात, हे त्यांच्या नजरेला आलं. सतत होणाऱ्या हिवतापाशी याचा संबंध असेल का? त्यांनी असे आजार हमखास होणाऱ्या जातीच्या उंदरांना उंदरांचाच मलेरिया दिला, आणि आजार खरोखर दबला. पुढे 1980 ते 1995 ते पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात ब्रिटिश मेडिकल रिसर्च काउन्सिलच्या प्रयोगशाळांचे प्रमुख होते. नदीकाठची भातशेती आणि पावसाळ्यात तापाने फणफणणारी पोरं, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही. फरक एवढाच की तिथे त्या तापाने मुलं मोठ्या संख्येने मरत होती.

गांबियातले लोक मच्छरदाणी आधीपासूनच वापरत होते. ग्रीनवुड यांच्या गटाने तीच परमेथ्रिन या कीटकनाशकाच्या द्रावणात बुडवून वाळवायला सांगितली. 1991 मध्ये निकाल छापून आला: एक ते चार वर्षांच्या मुलांचे मृत्यू सुमारे 60 टक्क्यांनी घटले होते. नंतर इतर देशांतल्या मोठ्या चाचण्यांत घट इतकी दिसली नाही, साधारण पाचवा हिस्सा भरली. बुडवलेल्या कापडासाठी तीही थोडकी नव्हे.

आता माझा आवडता भाग. चावते ती फक्त मादी, कारण अंडी घालायला तिला रक्त लागतं. हिवतापाच्या रुग्णाला चावल्यावर जंतू तिच्या पोटात जातात, पण ती लगेच दुसऱ्याला आजार देऊ शकत नाही. जंतू तिच्या जठराच्या भिंतीत वाढून लाळग्रंथीपर्यंत पोहोचायला उबदार हवेत दहा-बारा दिवस घेतात. डासाच्या मानाने हे मोठं आयुष्य झालं. समजा, रोज शंभरातल्या नव्वद माद्या जगतात. मग बारा दिवसांनी शंभरातल्या अठ्ठावीस उरतील. रोज ऐंशी जगत असतील तर सात. सत्तर जगत असतील तर जेमतेम एक. डासांची पैदास निम्मी केली तर धोका निम्मा होतो. रोजचं जगणं थोडंसं अवघड केलं तर तो बारा वेळा गुणत गुणत घसरतो. मलेरियातज्ज्ञ जॉर्ज मॅकडोनाल्ड यांनी हे गणित 1950च्या दशकातच मांडलं होतं.

मच्छरदाणी नेमकी इथे घाव घालते. मादी दर दोन-तीन दिवसांनी रक्तासाठी येते, म्हणजे त्या बारा दिवसांत चार-पाच खेपा. आतल्या माणसाच्या श्वासाच्या वासाने ती जाळीवर बसते आणि परमेथ्रिन तिच्या पायांतून अंगात शिरतं. मज्जातंतूंमधले सोडियमचे मार्ग उघडायचे आणि लगेच मिटायचे असतात. ते वॉशर गेलेल्या नळासारखे वाहतच राहतात. मज्जातंतू एकसारखे फडफडतात, पाय लुळे पडतात, मादी खाली कोसळते. त्यामुळे औषध लावलेल्या जाळीला एखाददुसरं भोक असलं तरी ती उपयोगी पडते. गावात पुरेशा घरांत अशा जाळ्या असल्या तर मच्छरदाणी नसलेल्या शेजाऱ्यालाही फायदा होतो. मोबाइलवरच्या "डास पळवणाऱ्या आवाजा"ने मात्र काही होत नाही. अशा यंत्रांच्या दहा क्षेत्रीय चाचण्या तपासल्या गेल्या, एकीतही चावे कमी झाले नाहीत. आणि थंडी वाजून भरणाऱ्या तापाला "बाहेरचं" समजून आधी गाऱ्हाणं घालायला जाणाऱ्यांनी निदान वाटेत तपासणीसाठी रक्ताची काचपट्टी तरी देऊन जावी.

ग्रीनवुड मलेरियापुरते थांबले नाहीत. मुलांना न्यूमोनिया आणि मेंदूज्वर देणाऱ्या हिब आणि न्यूमोकोकस या जीवाणूंवरच्या लसींच्या मोठ्या चाचण्याही गांबियात झाल्या. लसीकरणानंतर तिथे हिबचा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आज दीड महिन्याच्या बाळाला आपल्या उपकेंद्रात पेंटाव्हॅलंट या पाच आजारांवरच्या लसीची सुई टोचतात, तिच्यात हिबची लसही असते. जपानने सुरू केलेला नोगुची आफ्रिका पुरस्कार 2008 मध्ये पहिल्यांदा दिला गेला, तो ग्रीनवुड आणि केनियाच्या मिरियम वेरे यांना.

गांबियाची युक्ती जशीच्या तशी इथे लावता येत नाही. आंब्याच्या मांगरात राहणारा राखणदार, होडीच्या फळीवर निजणारा खलाशी यांना मच्छरदाणी बांधायलाच जागा नसते. शिवाय आफ्रिकेतला हिवताप बहुतेक फॅल्सिपेरम जातीच्या जंतूचा. आपल्याकडे व्हायव्हॅक्स ही जातही बरीच, आणि तो जंतू यकृतात दडून बसतो. महिन्यांनी तो पुन्हा उठतो तेव्हा त्याला नव्या डासाची गरजही नसते. त्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. ताप मात्र तिसऱ्या-चौथ्या दिवशीच उतरतो आणि उरलेल्या गोळ्या फळीवरच्या डब्यात जातात.