शैक्षणिक संपादणुकीचे दीर्घकालीन आंतरराष्ट्रीय कल

विविध देशांतील विद्यार्थ्यांच्या वाचन, गणित व विज्ञान या विषयांतील प्रावीण्यात अनेक वर्षांच्या काळात दिसून येणारी वाढ वा घट. १९६४ मध्ये बारा देशांत गणिताची पहिली मोठी तुलनात्मक चाचणी घेण्यात आली. तथापि ठरावीक अंतराने होणाऱ्या मोजणीची घडी बसली ती चौथी व आठवीसाठी १९९५ पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या ‘टिम्स’ या गणित व विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय चाचणीमुळे आणि पंधरा वर्षांच्या मुलांसाठी २००० मध्ये सुरू झालेल्या ‘पिसा’ या वाचन, गणित व विज्ञानाच्या चाचणीमुळे.

कल मोजण्याची सारी भिस्त काही राखीव प्रश्नांवर असते. हे प्रश्न जाहीर न करता पुढील फेरीत जसेच्या तसे पुन्हा विचारले जातात. एका फेरीतील मुलाने सोडवलेले उदाहरण काही वर्षांनी त्याच वयाचे दुसरे मूल सोडवते, आणि अशा असंख्य उत्तरांवरून दोन्ही फेऱ्यांचे गुण एकाच मापपट्टीवर बसवले जातात. २०१५ मध्ये बहुतेक देशांत ‘पिसा’ कागदावरून संगणकावर गेली, तेव्हा प्रश्न तेच असले तरी माध्यम बदलल्याने तुलना टिकते की नाही, हे नव्याने तपासावे लागले.

वृत्तपत्रांत गाजते ती क्रमवारी. पण तिच्यावरून कल ठरवणे चुकीचे आहे, कारण नवे देश सहभागी झाले की गुण तेवढेच राहूनही क्रमांक घसरू शकतो. फिनलंडची घसरण मात्र गुणांचीच आहे: गणितातील त्याची सरासरी २००६ मध्ये ५४८ होती, ती २०२२ मध्ये ४८४ झाली. २०१८ ते २०२२ या काळात ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेतील देशांची गणिताची सरासरीही सुमारे १५ गुणांनी खाली आली. या घसरणीचा सगळा दोष कोविडच्या महासाथीत बंद राहिलेल्या शाळांना देता येत नाही, कारण वाचन व विज्ञानातील उतार त्याआधीच सुरू झाला होता. शिवाय जपान व सिंगापूर यांचे गणिताचे गुण याच काळात वाढले.

ब्राझीलची गणिताची सरासरी २००३ मध्ये ३५६ होती, ती २०१२ मध्ये ३९१ वर गेली. ही वाढ आकड्यांत दिसते त्याहून मोठी आहे. ‘पिसा’त सातवी किंवा त्यापुढील वर्गांत शिकणारी मुलेच मोजली जातात, आणि त्या नऊ वर्षांत पूर्वी शाळाबाह्य राहिलेली किंवा खालच्या वर्गांत अडकलेली अनेक गरीब मुले तेथे प्रथमच या मोजणीत आली होती; त्यांच्यामुळे सरासरी खाली येण्याची शक्यता असूनही ती वाढली.