तेल खवट का होतं, आणि त्याचा तब्येतीशी संबंध काय?

घाण्यावर येणारे ग्राहक हल्ली हटकून विचारतात, "तुमच्या तेलात अँटिऑक्सिडंट आहेत ना?" आहेत. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिजनमुळे होणारा बिघाड रोखणारे पदार्थ. पण तेवढ्यावरून तेल औषध ठरत नाही, म्हणून हे पत्रक.

जुन्या शेंगदाण्यांना येणारा खवट वास कुणाला सांगायला नको. हवेतला ऑक्सिजन तेलातल्या स्निग्धाम्लांना चिकटतो, आणि एक रेणू बिघडला की तो शेजारच्याला बिघडवतो. अशीच साखळी शरीरातही चालते. अन्नातून ऊर्जा काढताना पेशींत फ्री रॅडिकल, म्हणजे शेजारच्याला बिघडवणारे अस्थिर रेणू, तयार होतातच. ते सरसकट वाईट नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात. त्यांना आवरायला शरीराची स्वतःची एन्झाइम्स असतात, जोडीला आहारातली क आणि ई जीवनसत्त्वांसारखी अँटिऑक्सिडंट. आवरणारे कमी पडू लागले की त्या स्थितीला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. हेल्मुट झीस या जर्मन शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये ही कल्पना मांडली. यात पेशींची आवरणं, प्रथिनं, डीएनए यांना इजा होते. रक्तवाहिनीच्या भिंतीत एलडीएल (ज्याला 'वाईट' म्हणतात ते) कोलेस्टेरॉल असंच बिघडून साचत गेलं की हृदयविकाराची वाट मोकळी होते. मधुमेहात हा ताण वाढतो. विडी-सिगारेटनं तर वाढतोच वाढतो.

मग अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घ्याव्यात का? फिनलंडमध्ये २९ हजारांहून जास्त धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. १९९४ मध्ये निकाल आला, तेव्हा बीटा-कॅरोटीन या अँटिऑक्सिडंटची गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त आढळला. डॉक्टरांनी दिल्याशिवाय गोळ्यांच्या नादी लागू नये, असं आमचं मत.

आपल्या नाशकात वाइनचं कौतुकही याच नावाखाली चालतं. द्राक्षाच्या सालीतलं रेझवेराट्रॉल हे अँटिऑक्सिडंट वाइनमध्ये उतरतं खरं, पण अगदी किंचित. अल्कोहोल मात्र पुरेपूर पोटात जातं. त्यापेक्षा हंगामात काळी द्राक्षं खा, स्वच्छ धुऊन, सालासकट.

आता आमच्या तेलाविषयी. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल हे पटकन बिघडणारं स्निग्धाम्ल भरपूर, म्हणून ते शेंगदाणा तेलाच्या आधी खवट होतं. जवसाचं त्याहून लवकर; ते लहान बाटलीतच घ्या आणि फ्रिजमध्ये ठेवा. तिळाचं तेल मूळचंच टिकाऊ. पाच लिटरचा डबा स्वस्त पडतो, पण घरात दोनच माणसं असतील तर आम्ही एक लिटरच सुचवू, आमची विक्री कमी झाली तरी.

बाटली गॅसशेजारी किंवा उन्हाच्या खिडकीत नको. भांडी बाजारातून हौसेनं आणलेल्या तांब्या-पितळेच्या बरणीला आतून कल्हई नसेल, तर तिच्यात तेल ठेवू नका. तांब्यानं तेल झपाट्यानं बिघडतं. जुन्या तेलाच्या तळाशी नवं ओतू नका, बरणी घासून, पूर्ण वाळवून मगच भरा.

तळणीचं तेल पुन्हा पुन्हा तापवणं सगळ्यात वाईट. एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून तळणीच्या तेलात टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तेल तापून बिघडल्यावर तयार होणारे घटक, २५ टक्क्यांपर्यंतच चालतात. घरी ते मोजता येत नाही. तेल काळपट, चिकट झालं, फेस बसेना किंवा मंद आचेवरच धूर येऊ लागला, तर ते टाकायचं. घाण्याचं तेल रिफाइंडपेक्षा लवकर धुरावतं, त्यामुळे दिवाळीत चकल्यांचे घाणे काढताना आच बेतानं ठेवा. उरलेलं तेल गाळून दोन-चार दिवसांत फोडणीत संपवा.

आमच्याकडून नेलेली बाटली उघडताच खवट वास आला तर तशीच परत आणा, बदलून देऊ.