मार कुठे बसला?

‘मार कुठे बसला?’ असं दवाखान्यात विचारलं की माणूस जबडा नाहीतर डोकं दाखवतो. वेल्समधल्या कार्डिफ शहरात मात्र उत्तरात पत्ताही लागतो. कुठला रस्ता, कुठला पब, आत की दारात, किती वाजता, कशाने मारलं.

तिथले जबड्याचे सर्जन जोनाथन शेफर्ड यांना एक गोष्ट खटकली. मारहाणीत जखमी होऊन येणाऱ्या निम्म्याहून अधिक जणांची पोलिसांत नोंदच नसायची. कोणाला मारणारा पुन्हा गाठेल अशी भीती, कोणाला तो कोण हेच ठाऊक नाही, तर कोणी स्वतःही दोन ठेवून दिलेल्या. म्हणजे पोलिसांकडचा नकाशा तक्रारींचा होता, मारामाऱ्यांचा नव्हे.

म्हणून हे प्रश्न दवाखान्यातच विचारायचे, आणि तेही केसपेपर काढणाऱ्याने. डॉक्टर-नर्सवर हे काम टाकलं की गर्दीच्या रात्री रकाने कोरे राहतात, आणि नेमक्या त्याच रात्री कामाच्या असतात. मग नाव वगळून यादी दर महिन्याला विश्लेषकाकडे जाते आणि पोलिसांच्या नोंदींशी जुळवली जाते.

घोळ होतो तो ठिकाण आणि वेळ लिहिताना. ‘सेंट मेरी स्ट्रीट’ एवढंच लिहिलं तर उपयोग शून्य, कारण तो रस्ताच पब आणि नाइटक्लबांचा. वेळेचं दुखणं आणखी छुपं. रात्री एकला मार खाल्लेला माणूस नशा उतरल्यावर सकाळी अकराला येतो आणि कॉम्प्युटर त्याच्या येण्याची वेळ टिपतो. त्यावर गस्त आखली तर पोलीस ओस रस्त्यावर उभे! शिवाय बारानंतर तारीख बदलते, त्यामुळे शनिवार रात्रीची मारामारी रविवारच्या खात्यात पडते. त्यासाठी दिवस सकाळी सहा ते दुसऱ्या सकाळी सहा असा धरावा.

नकाशा नीट झाला की उपाय अगदी साधे निघतात. शनिवार-रविवारच्या रात्री पोलीस उपनगरांतून मध्यवस्तीत हलवणं, पबमध्ये काचेऐवजी प्लास्टिकचे ग्लास, पबांच्या रस्त्यावर गाड्यांना बंदी, रात्री उशिरापर्यंत बस.

जानेवारी 2003 पासून माहितीची देवाणघेवाण नियमित झाली. 2007 पर्यंत मारहाणीमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचं प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे महिन्याला 7 वरून 5 वर आलं. ही पद्धत नसलेल्या तशाच 14 शहरांत ते 5 वरून 8 वर गेलं. गंमत म्हणजे कार्डिफमध्ये पोलिसांकडे नोंदलेली किरकोळ मारहाण वाढली, त्याच हिशेबाने 15 वरून 20. पोलीस बाचाबाचीच्या टप्प्यावरच हजर होऊ लागले असावेत, हे त्याचं पटणारं स्पष्टीकरण. नुसता पोलिसांचा आकडा पाहिला असता तर योजना फसली असंच वाटलं असतं.

आपल्याकडे मारहाणीचा रुग्ण आला की एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केसची नोंद होते, पोलिसांना कळवलं जातं. पण तो कागद त्या एका प्रकरणापुरता असतो. महिनाभराच्या एमएलसींतली ठिकाणं आणि वेळा एकत्र मांडणं हे निराळं काम आहे, आणि त्याला एक साधी एक्सेल शीट पुरते.

घरातल्या मारहाणीला मात्र ही रीत जशीच्या तशी लावू नये. इमारतीवर एक टिंब पडलं की बाई कोण ते शेजाऱ्यांना कळतं. म्हणून अशा घटना नकाशावर न दाखवता फक्त प्रभागवार मोजाव्यात. आणि तिला प्रश्न काउंटरवर नव्हे, आतल्या खोलीत विचारावेत, कारण काउंटरवर बहुतेकदा नवरा शेजारीच उभा असतो.