सात वाजताची तलफ

गेल्या पोळ्याच्या करीला माझ्या एका मित्राची दारू पुन्हा सुरू झाली. त्याआधी साडेतीन महिने त्याने थेंब घेतला नव्हता. घरच्यांनी त्याला वर्धा जिल्ह्यात मावशीकडे ठेवलं होतं. तिथे दारूबंदी आहे. चोरून मिळते, पण त्याला शोधावीशीही वाटली नाही. दिवसभर शेतात राबायचा, रात्री गाढ झोपायचा. सणाला नागपूरला आला, महालात मारबतीची मिरवणूक पाहिली आणि संध्याकाळी सातच्या सुमारास घरी परतताना सक्करदऱ्याजवळच्या एका वळणावर पोचला. तिथून आत गेलं की त्याचा जुना बार. तोंडाला पाणी सुटलं, छाती धडधडायला लागली, आणि दहा मिनिटांत तो आत होता.

"भाऊ, मले वाटलं होतं सुटली," नंतर तो म्हणाला. नातेवाइकांनी निदान दोन शब्दांत उरकलं: मन कच्चं.

हे निदान चुकीचं आहे. त्या वळणावर त्याच्या मेंदूत जे घडलं, त्याचा माग शास्त्रज्ञांनी एकेका पेशीपर्यंत लावला आहे आणि मेंदूविज्ञानातला हा माझा सर्वांत आवडता शोध आहे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

पाव्हलॉव्हचा कुत्रा आपण शाळेत वाचलेला असतो. खाण्याआधी रोज खूण मिळाली, की पुढे नुसत्या खुणेनेही लाळ सुटते. वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी स्वित्झर्लंडमधल्या फ्रीबूर विद्यापीठात याच्या पुढचा प्रश्न विचारला: त्या वेळी मेंदूच्या पेशी काय करतात? त्यांनी माकडांच्या मध्यमेंदूत बारीक इलेक्ट्रोड बसवून डोपामाइन हे निरोप पोचवणारं रसायन सोडणाऱ्या एकेका पेशीचे विजेचे ठोके मोजले. माकडाच्या जिभेवर फळाच्या रसाचा थेंब अचानक पडला, की पेशी जोरात ठोके देई. मग रसाच्या आधी दरवेळी एक दिवा लावायला सुरुवात केली. सरावानंतर पेशी दिवा लागताच ठोके देऊ लागली आणि रस आला तेव्हा तिच्यात काहीच फरक पडेना. आणि दिवा लावून रस दिलाच नाही तर? रस जेव्हा यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशी तिच्या नेहमीच्या संथ ठोक्यांपेक्षाही खाली जाऊन गप्प होई. म्हणजे मेंदूत वेळेसकट अंदाज बांधलेला होता.

१९९७ साली शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड माँटेग्यू यांनी याचं गणित मांडलं. थोडक्यात: डोपामाइनचा संकेत म्हणजे मिळालं ते वजा अपेक्षित होतं ते. भिशी अचानक आपल्या नावावर निघाली तर उडी मारावीशी वाटते. ठरलेल्या तारखेचा पगार ठरल्याएवढा आला तर वजाबाकी शून्य. आणि पगार कापून आला, तर शून्याच्याही खाली. ही वजाबाकी उरली की मेंदू पुढचा अंदाज दुरुस्त करतो. शिकणं म्हणतात ते हेच. डोपामाइनला 'आनंदाचं रसायन' म्हणून आठवडाभराचा 'डोपामाइन डिटॉक्स' विकणाऱ्यांनी हे वाचायला हवं. डोपामाइनच्या पेशी मरत गेल्या की पार्किन्सन होतो, माणसाला पाऊल उचलणं जड जातं. ते शरीराबाहेर काढायचं विष नव्हे.

आता दारूकडे येऊ. रस अपेक्षित झाला की पेशी शांत होते. दारूचं तसं नाही. अपेक्षित असो वा नसो, ती रासायनिक मार्गाने डोपामाइन वाढवतेच. त्यामुळे, एका मांडणीनुसार, 'अंदाजापेक्षा जास्त मिळालं' हा खोटा धडा मेंदू प्रत्येक पेगला पुन्हा गिरवतो आणि आजूबाजूच्या खुणा पक्क्या होत जातात. संध्याकाळचे सात, ते वळण, सोड्याच्या बाटलीचा फस्स आवाज, सावजी रश्श्याचा वास, भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी. यातली प्रत्येक गोष्ट माझ्या मित्रासाठी शुल्ट्झच्या प्रयोगातला दिवा आहे.

यात आनंदाचा संबंधही पुढे उरत नाही. केंट बेरिज यांनी ज्या उंदरांचं डोपामाइन जवळजवळ संपवलं होतं, ते उंदीर जिभेवर साखर ठेवली तर ओठ चाटायचे, म्हणजे चव आवडत होती. पण समोरचं अन्न खायला ते हलत नसत. आवडणं आणि ओढ लागणं या मेंदूत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. "मजा नव्हती येत भाऊ, तरी पाय तिकडंच जात होते," हे मित्राचं वाक्य मला कित्येक पानांच्या शोधनिबंधाएवढं मोलाचं वाटतं.

मग साडेतीन महिन्यांत हा अंदाज पुसला का गेला नाही? कारण मावशीच्या गावात दिवा लागलाच नाही. वजा उत्तर यायला आधी अपेक्षा जागी व्हावी लागते आणि मग ती फोल ठरावी लागते. तिथे ना ते वळण होतं, ना तो वास. शरीरातली दारू उतरली, झोप सुधारली, यकृताला उसंत मिळाली, हे सगळं मोलाचंच. पण वळणाबद्दलचा अंदाज होता तसाच राहिला.

आणि अंदाज फोल ठरला तरी जुना धडा पुसला जात नाही. मेंदू त्याच्या शेजारी दुसरा धडा लिहितो: 'इथे आता मिळत नाही.' मार्क बौटन यांनी प्राण्यांवर दाखवलं, की हा दुसरा धडा जागेला चिकटून राहतो. एका पेटीत शिकवलेली सवय दुसऱ्या पेटीत मोडली आणि प्राण्याला पहिल्या पेटीत परत ठेवलं, की सवय परत येते. वर्धा दुसरी पेटी, सक्करदरा पहिली.

म्हणून सराव पहिल्या पेटीजवळच करावा लागतो. अर्थात सुरुवातीच्या आठवड्यांत नाही, एकट्याने नाही आणि समुपदेशकाशी बोलूनच. माझा मित्र आधी महिनाभर दुसऱ्या रस्त्याने घरी जात होता. नंतर आम्ही दोघे मिळून त्या वळणावरून जाऊ लागलो, आत न वळता. खिशात पैसे मोजकेच. तलफ सुरू झाली की तो घड्याळ पाहून वहीत वेळ लिहितो, पुन्हा उतरल्यावर लिहितो. तलफ पुरवली नाही तर ती बहुधा अर्ध्या तासाच्या आत उतरते. मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लाट यांनी तिला समुद्राची लाट म्हटलं: तिच्याशी झुंजू नका, तिच्यावर तरंगत राहा. नागपूरकराला उन्हाळ्यातली वावटळ जवळची. ती उठते, डोळ्यांत धूळ जाते, आपण बाजूला उभे राहतो, ती पुढे निघून जाते. छातीत काय होतंय, तोंड किती कोरडं पडलंय, एवढंच पाहत राहायचं. 'दारूचा विचार करायचा नाही' असं स्वतःला बजावलं तर उलटंच होतं, तो विचार जास्त येतो.

दुसरी युक्ती मला शास्त्र म्हणूनही आवडते. तलफ आली की डोळ्यांसमोर ग्लास दिसतो, बर्फ दिसतो. हे चित्र उभं करायला मेंदूची जी जागा लागते, ती दुसऱ्या चित्राने भरली तर ग्लास धूसर होतो. प्लिमथ विद्यापीठातल्या प्रयोगांत काही मिनिटं टेट्रिस हा पडणारे ठोकळे रचायचा खेळ खेळल्याने तलफेचा जोर कमी झाला. मित्राने टेट्रिस घेतलं आहे.

'सणाला एकच' मात्र घातक. दिवा लागल्यावर कधीतरी रस मिळत राहिला, तर प्राणी आशा फार उशिरा सोडतात.

विजेच्या खांबांवर 'रुग्णाला न कळता दारू सोडवा' अशी पत्रकं दिसतात, त्याबद्दल कळकळीने सांगतो: चहात पूड मिसळून कुणाचाही मेंदू नवा धडा शिकत नाही. डायसल्फिरामसारखं औषध माणसाच्या नकळत दिलं आणि वर तो प्यायला, तर जीव धोक्यात येऊ शकतो. रोज भरपूर पिणाऱ्याने घरच्या घरी एकदम बंद करणंही धोक्याचं. पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. नागपुरात मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या मानसोपचार विभागात आधी दाखवा. ओढ कमी करणारी नाल्ट्रेक्सोनसारखी औषधं आहेत, पण ती डॉक्टरांनीच ठरवायची. १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

मित्राच्या वहीत पहिल्या पानावर २६ मिनिटं लिहिली आहेत. अलीकडच्या पानांवर ९, ११, ७. मध्येच एका दिवशी ३१, त्यापुढे 'जेवलो नव्हतो, साहेबाशी भांडण.' यंदाच्या करीला त्याने मला साडेसहाला बोलावलं आहे आणि दोघांनीही जेवूनच निघायचं, असं बजावलं आहे.