गाइडची गोष्ट (सातारा जिल्हा)

गडावर, वाड्यात, विहिरीवर गाइड लोक नुसती माहिती न देता ती रंगवून सांगतात, ती ही गोष्ट. साताऱ्यात ती सगळ्यात जास्त ऐकू येते प्रतापगडावर, कारण महाबळेश्वरला आलेलं पब्लिक अर्ध्या दिवसात गड उरकून परत जाणार असतं आणि तेवढ्यात १० नोव्हेंबर १६५९ चा अख्खा दिवस त्यांच्यापुढं उभा करायचा असतो.

खरं कसब आहे कुठं काय सांगायचं यात. चांगला गाइड अफजलखानाचा वध पार्किंगमध्येच संपवत नाही. आधी जावळीचं रान दाखवतो, एवढी मोठी फौज घेऊन वाईत बसलेल्या खानाला या अडचणीत का ओढलं ते सांगतो, चढताना दरवाजे-बुरूज होतात आणि भेटीचा प्रसंग राखून ठेवतो ते वरून खाली कबरीची बाजू दिसते तिथपर्यंत. मग शामियाना, मिठी, अंगरख्याखालचं चिलखत, सय्यद बंडाचा वार, आणि "होता जिवा" एवढं म्हणून गप्प, पुढचं "म्हणून वाचला शिवा" लोकच ओरडतात.

गडबड होते ती वाघनखांपाशी. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली, तेव्हापासून 'हीच ती' असं बिनधास्त सांगणारे पुष्कळ. म्युझियम स्वतः म्हणतं की त्याच दिवशी हीच वापरली याचा पुरावा नाही. ती साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, ग्रँट डफ याच्या घराण्याकडनं तिकडं गेली, आणि सोबतच्या पेटीवर तर खानाला मोगल सरदार लिहिलंय, खान आदिलशाहीचा! आता हे एवढं सांगितलं तर गोष्ट उलट जास्तच रंगते की, पण घाईत कोण सांगणार.

लिंबच्या बारा मोटेच्या विहिरीवर लढाई नाही न काही नाही. शाहू महाराजांच्या काळात वीरूबाई भोसल्यांनी ती बांधून घेतली. इथं आधी मोट म्हणजे काय, बैल मागं-पुढं कसे चालायचे, इथपासून सुरुवात, कारण शहरातल्या पोरांनी मोट बघितलेलीच नसते. मेणवलीत मात्र घाटावरची घंटाच निम्मं काम करते, तिच्यावर मेरीचं चित्र दिसलं की "देवळात चर्चची घंटा कशी?" हे पर्यटकच विचारतात, आणि ही घंटा जिथून आली ती पोर्तुगीजांविरुद्धची १७३९ ची चिमाजीअप्पांची वसईची मोहीम सांगायला गाइडला आयती जागा मिळते.