केनेस्बर्गचे वाघ-सिंह बघायला जाताना: तिकीट, कागदपत्रं आणि नियम

अमेरिकेत डेन्व्हरला मुलाकडे आलेल्या आई-वडिलांचा पहिला प्रश्न ठरलेला: "परवानगी कुणाची काढायची?" कुणाचीच नाही. डेन्व्हरजवळच्या केनेस्बर्गच्या 'द वाइल्ड ॲनिमल सँक्चुअरी'ला, म्हणजे सोडवून आणलेल्या जनावरांच्या आश्रयस्थानाला, तिकीट पुरतं. वयाची अट नाही, मुलांचा दर वेगळा. दर आणि वेळ त्यांच्या संकेतस्थळावर निघायच्या दिवशीच बघा. हवा बिघडली की बंद ठेवतात.

कागदपत्रांत आय-९४ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, प्रत जवळ असू द्या. १८ वर्षांपुढच्या परदेशी पाहुण्यासाठी हा अमेरिकेचाच नियम आहे. प्रत सीबीपीच्या (अमेरिकेच्या सीमाशुल्क व सीमा विभागाच्या) संकेतस्थळावरून फुकट निघते.

खरी मेख गाडीची. तिथे बस जात नाही. भाड्याची गाडी स्वतः चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना भारतातून निघण्याआधीच आरटीओकडून घ्या. वाहन परवान्यांच्या सरकारी सारथी पोर्टलवर फॉर्म ४-ए भरायचा, सोबत चालू परवाना, पासपोर्ट. मुदत एक वर्ष. विमानात बसल्यावर आठवलं तर मुलाची सुट्टी मोडते, आमच्याकडे मोडली.

आत पिंजऱ्यांच्या रांगा नाहीत. जनावरं मोकळ्या माळावर आणि आपण त्यांच्या डोक्यावरून जाणाऱ्या दीड मैल लांब पुलावर. वरून चालणारा माणूस वाघाला आपल्या हद्दीत घुसल्यासारखा वाटत नाही, म्हणून ही उंची. जाऊन-येऊन पाच किलोमीटर होतात. पायऱ्या नाहीत, व्हीलचेअर जाते; गुडघेदुखी असेल तर सोबत घ्याच. सावली कमी, पाणी न्या. दुर्बीण नसेल तर लांबचा सिंह म्हणजे गवतातला पिवळा ठिपका.

कुत्रा आणू नका, गाडीत बंद करूनही नाही. ड्रोन नाही. पुलावरून खाली काही टाकायचं नाही, चिवड्याचा दाणासुद्धा.

बछड्याला हात लावता येईल का, असंही विचारतात. नाही. डिसेंबर २०२२च्या केंद्रीय कायद्याने अमेरिकेत वाघ-सिंहांशी लोकांचा असा संपर्क बंद केला आहे. इथली बरीचशी जनावरं अशाच हौशी मालकांकडून आणि सर्कशींतून सोडवलेली. २०११मध्ये बोलिव्हियाच्या सर्कशींतले २५ सिंह विमानाने इथे आले.

दुपारी गेलात तर बहुतेक झोपलेलेच दिसतील. ऊन उतरताना एक सिंह गुरगुरायला लागतो, मग पलीकडचा, मग त्याच्याही पलीकडचा, आणि पुलाच्या कठड्यावर ठेवलेल्या हाताला ते कळतं. तेव्हाचं तिकीट काढा.