हॅलोजन गेला, नाव राहिलं

दिवेलागणीला आमच्या घरी अजूनही हाक येते, "कोठ्याकडचा हॅलोजन लाव नं बाप्पा!" बटन दाबलं की लागतो मात्र एलईडीचा फोकस. दुकानदारही तो 'एलईडी हॅलोजन' म्हणूनच विकतो.

खरा हॅलोजन अमेरिकेतला. जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या एल्मर फ्रिड्रिक आणि एमेट वायली यांना त्याचं पेटंट १९५९ साली मिळालं. साध्या बल्बात टंगस्टनची तार झिजत जाते आणि काच काळी पडते. यात क्वार्ट्झच्या नळीत थोडं आयोडीन नाहीतर ब्रोमीन असतं, ते उडालेलं टंगस्टन परत तारेवर आणून सोडतं. पण त्यासाठी नळी रसरशीत तापलेली लागते.

आम्ही तो पहिल्यांदा पाहिला लग्नाच्या मंडपात, मग खळ्यावर. बांबूला बांधलेली पत्र्याची पेटी, आत ५०० वॅटची पेन्सिलीएवढी नळी. नवी नळी बसवताना फडक्यानेच धरायची. बोटाचं तेल काचेला लागलं की ती तिथेच फुटणार. रात्री थ्रेशरवर सोयाबीन काढताना भाजलेल्या किड्यांचा वास यायचा, आणि दर दोन तासांना एक युनिट जायचं. त्यात व्होल्टेज १८० वर आलं की उजेड निम्म्याच्याही खाली. इन्व्हर्टरवर तर त्याचं नावच काढायचं नाही. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर अशी वीजकेंद्रं विदर्भातच, आणि भारनियमनात अंधारही आमच्याच वाट्याला!

एलईडी काही कालची नाही. निक होलोन्याक यांनी लाल एलईडी १९६२ सालीच केली होती. घोडं अडलं निळ्यापाशी. निळ्या उजेडावर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे उजेडाचा रंग बदलणाऱ्या भुकटीचा, थर दिला की पांढरा उजेड मिळतो, म्हणून निळी हवी. ती आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी जमवली. २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यासाठीच.

खेड्यात एलईडी आली ती भाव पडल्यावर. जानेवारी २०१५ मध्ये 'उजाला' योजना सुरू झाली. सरकार ठोक खरेदीत २०१४ साली एका बल्बला ३१० रुपये मोजत होतं, २०१६ पर्यंत तो ३८ वर आला. २०२१ च्या 'ग्राम उजाला'त पहिल्या टप्प्यातच नागपूर होतं: जुना बल्ब द्या, १० रुपयांत एलईडी घ्या. योजना बल्बांपुरती होती. फोकस लोकांनी आपल्या पैशाने घेतले. ५० वॅटचा फोकस ५०० च्या हॅलोजनची बरोबरी करतो, हे दुकानदाराचं बोलणं झालं. खरी बरोबरी करायची तर १०० वॅटच्या आसपासचा लागतो. अंगणाला मात्र ५० पुरतो, आणि व्होल्टेज पडलं तरी तो सहसा मंद होत नाही. वीज कडाडली की त्यातला ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला बेताची वीज देणारं सर्किट, जळतो, ते वेगळं.

एलईडीला शेक मात्र नाही. पूसच्या थंडीत बकरीची पिल्लं हॅलोजनखाली दाटीवाटीने बसायची. त्यांच्यासाठी कोठ्यात २०० वॅटचा जुना बल्ब अजून टांगलेला आहे.